अँजलफूडचं काय करायचं? अंडरग्राउंड कॉमिक्स आणि वंशवादी चित्रांचा प्रश्न

१९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या ‘झॅप कॉमिक्स’च्या दुसऱ्या अंकात एक आफ्रिकन बाई भेटते. अंग डांबरासारखं काळं, छाती उघडी, कमरेला गवताचा झगा आणि अर्धा चेहरा व्यापून टाकणारे जाड ओठ. तिचं नाव अँजलफूड मॅकस्पेड. आडनावात काळ्या माणसांसाठीची एक जुनी शिवी बसवलेली आहे. गोष्ट अशी, की ही बाई इतकी मादक आहे की तिला मोकळं सोडलं तर गोऱ्यांची सुधारलेली दुनिया कोलमडेल, म्हणून तिला आफ्रिकेच्या रानातच अडकवून ठेवलंय. हे चितारणारा रॉबर्ट क्रंब तेव्हा पंचविशीतला गोरा तरुण होता. आज त्याला अमेरिकी अंडरग्राउंड कॉमिक्सचा, म्हणजे रूढ प्रकाशक आणि वितरकांना टाळून प्रौढांसाठी काढलेल्या कॉमिक्सचा, जनक मानतात.

या पानांवरून पन्नासहून अधिक वर्षं भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, हे गोऱ्या पुरुषाच्या डोक्यात दडलेल्या घाणीचं विडंबन आहे. दुसरी म्हणते, विडंबनाच्या नावाखाली तीच घाण पुन्हा छापली. दोन्हीकडे विचारी, अभ्यासू माणसं आहेत. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण पहिलं उडवून लावता येत नाही, आणि ते का उडवून लावता येत नाही हे कळलं तरच वाद नीट समजतो.

ते ओठ आले कुठून?

क्रंबने ते ओठ शोधून काढले नव्हते. १८३०च्या आसपास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळी फासून ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या माणसाची नक्कल करत गावोगाव फिरू लागला. पाहता पाहता त्याची साथ पसरली. जळलेल्या बुचाची काजळी चेहऱ्याला, तोंडाभोवती पांढरा किंवा लाल पट्टा, डोळे वटारलेले, बोलणं मोडकंतोडकं, स्वभाव आळशी, भित्रा आणि सदा खिदळणारा. या खेळांना मिन्स्ट्रेल शो म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची ती सगळ्यात लोकप्रिय करमणूक होती. गोऱ्या प्रेक्षकांपैकी कित्येकांनी काळी माणसं जवळून पाहिलेलीच नसत. त्यांच्यासाठी रंगमंचावरची ही सोंगंच काळी माणसं ठरली. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी शाळा, आगगाड्या, पाणपोया वेगळ्या करणारे कायदे केले, तेव्हा त्या कायद्यांनाही ‘जिम क्रो’ हेच नाव पडलं.

वर्तमानपत्रांत चित्रमालिका सुरू झाल्या, तेव्हा चित्रकारांनी हा तयार चेहरा उचलला. त्याला कारण होतं. व्यंगचित्र चार-पाच रेषांवर चालतं. वाचकाने क्षणात ओळखलं पाहिजे, म्हणून चित्रकार ओळखीच्या खुणा वापरतो: पोट सुटलं की भांडवलदार, जाड भिंगाचा चष्मा लावला की प्राध्यापक. या अर्थाने साचा हे त्या कलेचं रोजचं हत्यार आहे. पण त्या मालिकांत गोऱ्या पात्रांना वेगवेगळे चेहरे मिळत. कोणी लांब नाकाचा, कोणी टकल्या, कोणी धूर्त, कोणी बावळट. काळ्या पात्रांना, मग नोकर असो, लहान पोर असो की जंगलातला राजा, तोच एक काजळी फासलेला चेहरा मिळे. माणूस असण्यातली पहिली गोष्ट, म्हणजे दुसऱ्यासारखं नसणं, तीच काढून घेतली गेली.

ज्यांचं चित्र असं काढलं जात होतं, त्यांनी ते मुकाट्याने सोसलं असंही नाही. ‘कॅप्टन मार्व्हल’च्या कॉमिक्समध्ये स्टीमबोट नावाचा असाच एक काळा नोकर होता. १९४५ साली न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांचा एक गट थेट संपादकाच्या कचेरीत गेला. हे चित्र म्हणजे काळी माणसं नव्हेत, पण तुमचे लाखो वाचक तसंच समजतील, असं त्यांनी सांगितलं. स्टीमबोट मालिकेतून गेला. अंडरग्राउंड कॉमिक्सच्या चर्चेत या मुलांचं नाव फारसं निघत नाही. मला ते सगळ्यात आधी घ्यावंसं वाटतं, कारण ‘त्या काळी कोणाला खटकत नव्हतं’ हा युक्तिवाद त्यांनी १९४५ सालीच खोडून ठेवलाय.

मराठी वाचकाला हा साचा परका नाही. टाइम्स ऑफ इंडियाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतही निघत, आणि त्यातूनच वेताळ आणि जादूगार मँड्रेक आपल्याकडे घरोघरी पोचले. मँड्रेकचा साथीदार लोथार आठवतो ना? आफ्रिकेतला राजपुत्र, जगातला सगळ्यात बलवान माणूस. पण १९३४ साली मूळ मालिका सुरू झाली तेव्हा तो अंगावर बिबट्याचं कातडं पांघरून, तुटकं इंग्रजी बोलत एका गोऱ्या जादूगाराची सेवा करायचा. साठच्या दशकात अमेरिकेतलं वातावरण बदललं, तेव्हा त्याला नीट कपडे आणि नीट भाषा मिळाली. लोथारवर अनेकांचं मनापासून प्रेम होतं, आहे. साचा असाच काम करतो. द्वेष न बाळगणाऱ्या, प्रेमाने वाचणाऱ्या माणसाच्या मनातही तो घर करून बसतो.

संहितेचा काळ

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉमिक्सविरुद्ध मोठी ओरड झाली. मुलं बिघडतात, गुन्हेगार होतात, असं मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम सांगत होता. १९५४मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. त्या धास्तीने प्रकाशकांनी स्वतःवरच एक संहिता लादून घेतली, ‘कॉमिक्स कोड’. तिचा शिक्का नसलेला अंक विक्रेते ठेवेनात. संहितेत एक चांगलं वाटणारं कलमही होतं: कोणत्याही धर्माची किंवा वंशाची टवाळी चालणार नाही.

प्रत्यक्षात काय झालं ते ईसी कॉमिक्सच्या एका कथेवरून दिसतं. १९५३मध्ये त्यांनी ‘जजमेंट डे’ नावाची विज्ञानकथा छापली होती. पृथ्वीवरून आलेला एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना खालच्या दर्जाचं वागवतात, खरं तर आतून दोघे अगदी सारखेच. तो निकाल देतो, की हा ग्रह अजून माणसांच्या संघात यायला लायक नाही. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि तो काळा असल्याचं दिसतं. दोन-अडीच वर्षांनी ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा संहितेच्या प्रमुखाने अंतराळवीर काळा नको असा आग्रह धरला. त्याला गोरा केला तर कथाच मरते. प्रकाशक विल्यम गेन्स हटला नाही. कथा होती तशीच छापली गेली, आणि ईसीने काढलेला तो शेवटचा कॉमिक अंक ठरला.

वंशाची टवाळी नको म्हणणाऱ्या नियमाने टवाळी थांबवलीच, पण काळ्या नायकाचा सन्मानही त्याच झाडूने बाहेर लोटला. पुढची काही वर्षं मुख्य प्रवाहातल्या कॉमिक्समध्ये काळी माणसं जवळपास दिसेनाशी झाली. अमेरिकेत नागरी हक्कांचा लढा पेटला होता, रस्त्यांवर पोलिसांचे कुत्रे सोडले जात होते, आणि कॉमिक्समधली शहरं मात्र पांढरीशुभ्र होती.

अंडरग्राउंडवाल्यांचा राग या खोट्या स्वच्छतेवर होता, आणि तो रास्त होता. ‘झॅप’चा पहिला अंक १९६८च्या सुरुवातीला आला. किंमत २५ सेंट. क्रंब आणि त्याच्या मंडळींनी तो बाबागाडीत घालून हेट-अ‍ॅशबरी भागातल्या रस्त्यावर विकला. मुखपृष्ठावर ताकीद होती, की हा अंक फक्त प्रौढ बुद्धिवंतांसाठी आहे. शिक्का नाही, वितरक नाही, संपादकाची कात्री नाही. हिप्पींच्या दुकानांतून, गांजाच्या चिलमी आणि पोस्टरांच्या शेजारी हे अंक खपू लागले. जे जे छापायला बंदी होती ते ते त्यांनी काढलं: नशा, लैंगिक विकृती, हिंसा आणि वंशद्वेष. ‘झॅप’च्या चौथ्या अंकावर न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेचा खटला होऊन विक्रेते दोषी ठरले. म्हणजे ही मंडळी किंमतही मोजत होती.

क्रंबची बाजू, आणि ती कुठे अपुरी पडते

क्रंबचं म्हणणं थोडक्यात असं: या प्रतिमा माझ्या एकट्याच्या नाहीत. जुन्या कार्टूनांतून, जाहिरातींतून, खाऊच्या डब्यांवरून त्या माझ्या पिढीच्या डोक्यात भरल्या गेल्या. सभ्य समाज त्या झाकतो, मी त्या कागदावर ओकतो. तुम्हाला किळस आली असेल तर ती किळस स्वतःच्या समाजाची आहे.

यात तथ्य आहे. अँजलफूडच्या गोष्टीत गोऱ्या पुरुषाची हाव आणि तिला दिलेला ‘सभ्यतेचं रक्षण’ हा मुलामा, दोन्ही उघडे पडतात. वासना गोऱ्याची आणि दोष मात्र काळ्या बाईच्या देहाचा, ही गुलामगिरीच्या काळापासूनची लबाडी आहे, आणि क्रंबने ती नेमकी पकडलीय. इथपर्यंत ते विडंबन आहे.

पण अँजलफूड स्वतः? तिला काय वाटतं, हे कुठेच येत नाही. तिला मन नाही, आठवण नाही, राग नाही. गोऱ्याच्या मनातली कल्पना दाखवायची म्हणून ती पोकळ ठेवलीय असं म्हणता येईल. पण चितारलेल्या पानावर शेवटी जे उरतं ते एवढंच: गोरा पुरुष हास्यास्पद आहे, पण माणूस आहे, काळी बाई फक्त देह आहे. क्रंबच्या कथांत गोरा पुरुष स्वतःची लाज, भीती, विकृती पानपानभर बोलून दाखवतो. त्याच्या कबुलीजबाबासाठी लागणारं सामान मात्र काळ्या बाईच्या अंगावरून काढलं जातं. कबुली त्याची आणि भुर्दंड तिला.

हे क्रंबला जमत नव्हतं म्हणून झालं, असंही म्हणता येत नाही. जुन्या तबकड्या गोळा करण्याचं त्याला वेड होतं, आणि त्यांतल्या काळ्या ब्लूज गायकांवर त्याचा जीव होता. १९८०मध्ये त्याने या गायकांच्या चित्रांचा पत्त्यांसारखा संच काढला. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, सुरकुत्यांसकट, सुटाच्या चुणीसकट. १९८५च्या ‘झॅप’मध्ये त्याने मिसिसिपीच्या चार्ली पॅटनचं चित्रचरित्र केलं. कापसाची शेतं, खुराडेवजा दारूगुत्ते, मार खाल्लेली, हसणारी, भांडणारी माणसं, सगळी जिवंत. एकाच हाताला दोन्ही येत होतं. म्हणून अँजलफूडचा साचा ही त्याने केलेली निवड ठरते, आणि निवडीचा जाब विचारता येतो.

दुसरी अडचण चित्राच्या प्रवासाची आहे. प्रौढ बुद्धिवंतांसाठी असलेलं चित्र तेवढ्यांपुरतं राहत नाही. १९६८मध्येच क्रंबने रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनच्या बँडच्या ‘चीप थ्रिल्स’ या अल्बमचं मुखपृष्ठ केलं. त्यात एका गाण्याच्या चौकटीत तोच काजळी फासलेल्या चेहऱ्याचा नमुना आहे, रडणारं गोरं मूल कडेवर घेतलेली काळी दाई. हा अल्बम अमेरिकेत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. तिथे ना ताकीद होती ना विडंबनाचा संदर्भ. लाखो घरांत ते चित्र गंमत म्हणून पोचलं.

याहून वाईट घडलं १९९३मध्ये. ‘विअर्डो’ या कॉमिक्स-नियतकालिकाच्या शेवटच्या अंकात क्रंबने दोन चित्रकथा केल्या: काळ्यांनी अमेरिका ताब्यात घेतली तर काय होईल, आणि ज्यूंनी घेतली तर काय होईल. पहिलीच्या शीर्षकात काळ्यांसाठीची सगळ्यात घाणेरडी शिवी आहे. ती इथे लिहायची गरज नाही. हेतू होता वंशद्वेष्ट्या गोऱ्याच्या भयगंडाची नक्कल करून त्याला उघडं पाडायचा. नक्कल इतकी हुबेहूब उतरली, की गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या एका नियतकालिकाने ती पानं उचलून आपला प्रचार म्हणून छापली. ज्यांच्यावर वार करायचा होता, त्यांनीच ते हत्यार हाती घेतलं.

काही जण म्हणतात, मूर्खांना विडंबन कळलं नाही तर दोष चित्रकाराचा कसा? माझं उत्तर असं, की विडंबनाचा निशाणा पानावरच दिसायला हवा. चित्रकाराचा स्वभाव, त्याचे आधीचे अंक, त्याच्या मुलाखती बरोबर घेऊनच वाचलं तर कळेल, अशा विडंबनातून सुटलेला बाण कुठेही लागू शकतो. आणि तो कोणाला लागतो हे त्याच समाजात आधीपासून ठरलेलं असतं.

साचा उलटवणारे

अंडरग्राउंडमधूनच याचं सगळ्यात मोठं उत्तर आलं. १९७२मध्ये आर्ट स्पीगेलमनला प्राण्यांच्या चित्रकथांच्या एका अंकासाठी तीन पानं करायची होती. चित्रपटकार केन जेकब्जच्या व्याख्यानात त्याने ऐकलं होतं, की जुन्या कार्टूनांतले उंदीर आणि मिन्स्ट्रेल शोतली काळी सोंगं यांचा चेहरा एकच. त्यावरून त्याने योजलं: काळी माणसं उंदीर आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेवाले मांजरं. मग तो थांबला. काळ्या माणसाच्या जगण्याबद्दल आपल्याला पुरेसं ठाऊक नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या स्वतःच्या घरात दुसरी गोष्ट होती. आईवडील ऑश्विट्झमधून वाचलेले. नाझी प्रचारपटांनी ज्यूंना उंदीर म्हटलं होतं. त्याने ती शिवी उचलली आणि ‘माउस’ची पहिली तीन पानं केली. पुढे त्याचाच मोठा ग्रंथ झाला आणि १९९२मध्ये त्याला विशेष पुलित्झर मिळालं.

‘माउस’मध्ये सगळ्या ज्यूंना जवळपास एकच उंदराचा चेहरा आहे. म्हणजे साचा आहेच. पण त्या मुखवट्यामागून येणारा प्रत्येक आवाज वेगळा आहे. बाप व्लाडेक कंजूष, हट्टी, छळवादी. माझा बाप ज्यूंच्या वंशवादी व्यंगचित्रासारखाच दिसतोय, अशी काळजी लेखक पुस्तकातच बोलून दाखवतो. एका प्रसंगात व्लाडेकची सून रस्त्यात एका काळ्या माणसाला गाडीत घेते, तेव्हा छळछावणीतून वाचलेला हाच व्लाडेक त्याच्याविषयी वंशद्वेषाने बोलतो, आणि सून हादरते. स्पीगेलमन बापाला झाकत नाही, संतही करत नाही. अस्वस्थ करणारं चित्रण असं असू शकतं. वाचकाला धक्का बसतो, पण कोणाचंही माणूसपण खर्ची पडत नाही.

काळे चित्रकारही याच काळात काम करत होते. लॅरी फुलरने १९७०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतूनच ‘एबन’ नावाचा काळा महानायक आणला. इंडियाना राज्यातल्या ग्रास ग्रीनने १९७२मध्ये ‘सुपर सोल कॉमिक्स’ काढून देशभक्त महानायकांची काळ्यांच्या बाजूने फिरकी घेतली. चार्ल्स जॉन्सनने १९७०मध्ये ‘ब्लॅक ह्यूमर’ हा व्यंगचित्रसंग्रह काढला. तो पुढे नामवंत कादंबरीकार झाला. जुन्या वंशवादी व्यंगचित्रांवरच्या एका पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना त्याने म्हटलं, की ही चित्रं म्हणजे कल्पनाशक्तीचं आणि सहानुभूतीचं अपयश आहे. कलेच्या दृष्टीने हा फार मोठा आरोप आहे. वंशवादी चित्र हे आधी कामचुकार चित्र असतं. समोरच्या माणसाकडे न पाहता काढलेलं.

बायकांच्या चित्रणावरून ट्रिना रॉबिन्सने क्रंबला सुरुवातीलाच सुनावलं होतं. १९७०मध्ये तिने आणि तिच्या मैत्रिणींनी फक्त बायकांनी केलेला कॉमिक अंक काढला. ‘झॅप’च्या चित्रकार-मंडळात बाई नव्हती, काळा माणूसही नव्हता. सगळे निर्बंध झुगारणाऱ्या या चळवळीत दार कोणासाठी उघडायचं, हे मात्र जुन्याच रीतीने ठरत होतं.

चित्र आपल्या काळातून सुटून दुसऱ्या वाचकांपर्यंत जातं तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्रानेही पाहिलंय. १९४९मध्ये शंकर यांनी काढलेल्या व्यंगचित्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्यघटनारूपी गोगलगायीवर बसलेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होतं. २०१२मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. ती तोडफोड असमर्थनीय होती. पण ज्यांनी ‘एवढं काय त्यात, विनोद कळत नाही का’ म्हटलं, त्यांनी उन्नमती श्याम सुंदर यांचं काम जरूर पाहावं. त्यांनी २०१९मध्ये त्या काळातली बाबासाहेबांवरची शंभरहून अधिक व्यंगचित्रं एकत्र मांडली. एकेक चित्र वेगळं पाहिलं तर किरकोळ वाटतं. सगळी ओळीने पाहिली की बुटकं करण्याची, पोरकट दाखवण्याची एक सवयच समोर येते. अमेरिकेतल्या काळ्या वाचकालाही ‘झॅप’चं पान सुटं दिसत नाही. त्याच्या मागे १८३०पासूनची रांग असते.

म्हणून क्रंबवर बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. संहितेने काय केलं ते आपण पाहिलंच. झाकल्याने साचा मरत नाही, काळा अंतराळवीर मात्र मरतो. पण थोर कलावंत म्हणून त्याच्या नावाने दालनं उघडताना प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प करणंही बरोबर नाही. २०१८मध्ये बेन पासमोर या काळ्या चित्रकाराने स्वतंत्र कॉमिक्सच्या इग्नाट्झ पुरस्कार सोहळ्यात क्रंबच्या या वारशावर जाहीर टीका केली, तेव्हा जुने चाहते दुखावले. दुखावोत. १९४५मध्ये ती शाळकरी मुलं हेच सांगत होती.

‘झॅप’चे सगळे अंक २०१४मध्ये पाच खंडांच्या देखण्या पेटीत पुन्हा निघाले. किंमत ५०० डॉलर. लॅरी फुलरच्या ‘एबन’चा १९७०मध्ये एकच अंक निघू शकला होता. अंडरग्राउंड कॉमिक्सवर पुढचं प्रदर्शन जो कोणी भरवेल, त्याने अँजलफूडचं पान जरूर लावावं. पण त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर ‘एबन’ हवा, ग्रास ग्रीनचा महानायक हवा, आणि स्टीमबोटला घालवायला गेलेल्या मुलांचं म्हणणंही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत हवं.